उकळून गार केलेलं पाणी

ये, जवळ सरक अशी. किती दिवसांनी आलीस, आणि बसलीस बघ कशी पलंगाच्या काठावर, जशी बाहेर एसटी घंटी वाजवत उभी आहे तुझ्यासाठी! नीट मांडी घाल. तो मोबाईल पालथा ठेव. चहा होईल मागाहून. आज मला बोलायचंय, आणि मधेच उठलीस तर माझं धैर्य जाईल. एकदा गेलं की परत कधी येईल याचा नेम नाही. एवढी तर मी मला ओळखते.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लेकाला नाही, सुनेला नाही. देवापुढं? देवापुढंही मी दुसऱ्याच चुका कबूल करत आले. कुणाला टाकून बोलले, उपासाच्या दिवशी काय खाल्लं — असल्या. ही एक तेवढी पदराखाली धरून ठेवली. त्याला का दिसत नसेल? पण आपण आपलं मनाचं समाधान करायचं.

कुठून सुरू करू? पाण्यापासूनच करते.

आमचं घर उंद्रीच्या अलीकडं, शेतातच. घरामागं विहीर. तिचं पाणी असं गोड, की तुरीची डाळ बघता बघता शिजायची. गावातल्या बाया सणासुदीला कळशी घेऊन यायच्या. आणि वेचणीच्या दिवसांत तर काय विचारतेस! बीटी बियाणं आल्यापासून सगळ्यांची कपाशी एकदमच फुटते, सगळ्यांना बाया एकाच आठवड्यात पाहिजेत. लोक टेम्पो घेऊन दुसऱ्या गावाहून बाया आणायचे. माझ्याकडं मात्र त्या आपणहून यायच्या. 'काकूच्या वावरात पाणी चांगलं' म्हणायच्या. मला त्याचा केवढा ताठा होता, काय सांगू. विहीर काय मी खणली? सासऱ्यानं खणलेली. पण ताठा माझा.

मग घरोघर संडास बांधायची लाट आली, तसा मीही बांधला. गणपत मिस्त्री खड्ड्याची जागा बघत फिरला आणि म्हणाला, "काकू, इथं नका घेऊ. विहीर जवळ पडते. तिकडं धुऱ्याकडं सरकू."

धुऱ्याकडं म्हणजे बांधाला लागून कपाशीच्या दोन ओळी उभ्या होत्या. बोंडं धरलेली, हिरवीगार. मी त्याच्या अंगावरच गेले. "भरल्या पऱ्हाटीले हात लावू? बोंडं दिसून नाही राह्यले का तुले?"

"माह्यं काय जाते, काकू," तो म्हणाला. "विहीर तुमची, पाणीबी तुमीच प्यान." आणि खड्डा विहिरीच्या शेजारी खणला गेला.

ही चूकच होती, आणि ती मी अशी खुशाल सांगू शकते. अडाणीपणा म्हण, हाव म्हण. पण ज्याच्यासाठी तुला बसवलंय ते हे नव्हे. ते पुढं आहे. येतेच मी तिकडं.

आधी नसरीन. रहमान पिंजाऱ्याची लेक. आमच्या घरातली एकेक गादी, एकेक रजई रहमानभाईच्या हातची. तो ओट्यावर कापूस पिंजत बसायचा, आणि ही एवढीशी पोर माझ्या चुलीजवळ दप्तर उघडून धडा वाचायची, अगदी खडा आवाज करून. माझी शाळा चौथीत सुटलेली. पोळ्या लाटता लाटता मी ऐकायचे. ती गेली की तिचं विसरलेलं पुस्तक काढून तोच धडा बोट लावून लावून वाचायचे. विसरलेलं म्हणते मी. ती ते मुद्दाम ठेवून जायची, हे मला फार उशिरा कळलं. आज तुला समोर बसवलंय असं धरून हे कागदावर लिहितेय, ते त्याच पोरीच्या जिवावर.

तीच नसरीन शिकत शिकत विद्यापीठात गेली, संशोधन करायला लागली. आणि एका वर्षी नवरात्राच्या सुमारास गावात आली ती बाटल्यांचं खोकं घेऊन. म्हणाली, "मावशी, मले गावातलं पाणी पाहिजे. खरं पाणी. प्रयोगशाळेतलं नको."

तिचं काम काय, ते तिनं मला समजेल असं सांगितलं होतं, म्हणून तुलाही सांगता येतं. तिच्याकडं लोखंडाची पूड होती. पण पूड म्हणजे कसली! काजळ बोटांत चोळलं तर कण लागत नाही ना हाताला? त्याहूनही कितीतरी बारीक. एकेक कण डोळ्याला दिसायचाच नाही. सगळे मिळून पाणी शाई पडल्यासारखं काळं दिसायचं. त्या कणांवर एक लेप दिलेला. तो लेप जंतूला पकडतो, वावरातून आलं की लुगड्याला कुसळ चिकटलेलं असतं तसं. जंतूही पकडतो, आणि त्याहून बारके ते विषाणू, कावीळ-बिवीळ आणणारे, तेही. आता हे कशासाठी? तर पाण्यात जंतू थोडे असले की साध्या तपासणीच्या हाती लागत नाहीत. रांजणभर पाण्यात चिमूटभर घाण, शोधायची कुठं? पाणी तर साफच दिसतं. म्हणून ही पूड पाण्यात सोडायची, हलवत राहायचं. तिनं जंतू धरले, की भांड्याला बाहेरून लोहचुंबक लावायचं. सगळी पूड जंतूंना घेऊन एका भिंतीला येऊन बसते. पाणी ओतून द्यायचं. मागं उरतो तो एक काळा ठिपका. रांजणभर पाण्याची लबाडी त्या एका ठिपक्यात. मग तो ठिपका तपासायचा.

दुपारी बाया जेवायला बसल्या होत्या तेव्हा तिनं ते करून दाखवलं. काळं पाणी काचेच्या भांड्यात, बाजूला चुंबक धरलेलं, आणि बघता बघता सगळा काळोख सरकत सरकत एका कडेला गेला, पाणी नितळ! बाया भाकर हातात धरून बघत राहिल्या.

चंदा म्हणून एक होती त्यांच्यात. आमच्या शेताच्या पलीकडं वस्तीत राहते. तोंडाची फटकळ, हाताची सगळ्यांत चपळ. ती म्हणाली, "नसरीन, याच्यानं माह्या नवऱ्याचं डोस्कं धरता येते का व?"

"त्यात लोखंड असलं तर येईन," नसरीन म्हणाली.

"लोखंडच भरलेलं हाय, माय! दुसरं काय राह्यते त्याच्यात!"

काय हसल्या बाया. चंदाला तेव्हा तिसरा महिना होता. लग्नाला सात वर्षं झाल्यावरचा. हसताना तिनं हात पोटावर ठेवलेला मला आठवतो. हे तुला आताच सांगून ठेवते.

नसरीननं पाच ठिकाणचं पाणी घेतलं. शाळेतला हापसा, देवळामागची विहीर, आणखी दोन, आणि माझी विहीर. खोकं घेऊन गेली, आठ दिवसांनी परत आली. मला एकटीला घरामागं नेलं.

"मावशी, तुमच्या विहिरीच्या ठिपक्यात निघालं काही तरी," म्हणाली. "माणसाच्या पोटातले जंतू दिसून राह्यले. पण एकाच खेपेवर बोलता येत नाही. माह्याही हातून बाटली खराब झाली असन. अजून दोन खेपा पाहू. तोवर पाणी उकळून प्या. बायांलेही उकळूनच द्या, बरं?"

मी हो म्हटलं. माझी नजर खड्ड्याकडं गेली, आणि मी ती तिथून उचलली, तिच्या ध्यानात यायच्या आत.

तिला दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. पुढच्या दोन खेपांचं पाणी भरायचं काम तिनं माझ्याकडं दिलं. कुणावर टाकणार दुसऱ्या? मला लिहिता येत होतं, गाव मला ओळखत होतं, आणि मी तिची मावशी होते. कसं भरायचं ते शिकवलं: झाकणाच्या आत बोट लावायचं नाही, बाटलीवर नंबर चिकटवायचा, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून चिखलीहून एसटीनं पाठवायचं. मी चारही ठिकाणी गेले. शाळेतल्या हापशावर चार वेळा दांडा मारून पहिलं पाणी वाया जाऊ दिलं, तिनं सांगितलं होतं तसं. सगळं नीट, मन लावून केलं.

आणि पाचवी बाटली —

ऐकतेयस ना? तिनं मला पाणी उकळायला सांगितलं होतं. मी उकळलं. मोठ्या पातेल्यात, चांगलं खळखळा. गार केलं. आणि ते मी बाटलीत भरलं. वर 'काकूंची विहीर' म्हणून नंबर चिकटवला. दोन्ही खेपांना.

हेच ते. एवढंच.

नाही, एवढंच नाही. अजून आहे, आणि तेच जास्त वाईट. त्या पातेल्यातलं उरलेलं पाणी मी घरच्या माठात ओतलं. पुढं रोज उकळत राहिले, सुनेला सांगितलं की माझं पोट बिघडतंय. म्हणजे आम्ही घरातले उकळलेलं पीत होतो. आणि धुऱ्यावर झाडाखाली बायांसाठी जो माठ भरून ठेवायचे, त्यात विहिरीचं पाणी. तसंच. ओढून काढलेलं.

मग मला माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? ज्याला माहीत नसतं तो स्वतःसाठी वेगळा माठ भरतो का?

का केलं, विचारशील. मीही विचारते. ते वर्ष बोंडअळीचं होतं. बीटीला अळी लागत नाही म्हणून सगळे निर्धास्त, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आरामात बसलेली. जेवढी बोंडं धड होती तेवढी चटकन वेचून घरात आणायची, त्याच्यासाठी गावोगाव बायांची ओढाताण. माझं पाणी खराब आहे असं एकदा पसरलं असतं, तर माझ्या वावरात कोण आलं असतं? आणि बायांना उकळलेलं पाणी ठेवलं असतं तर पहिल्याच दिवशी चंदानं विचारलं असतं, "काऊन व काकू, विहिरीले काय झालं?" तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. पण हे सगळं मी नंतर रचलेलं आहे. त्या सकाळी पातेल्यापुढं उभी असताना माझ्या मनात कापूस नव्हता. माझ्या मनात एवढंच होतं, की माझ्या विहिरीला कुणी नाव ठेवायचं नाही.

नसरीनचा फोन आला. "मावशी, तुमचं पाणी साफ निघालं. इतकं साफ, की माह्याच मनाले पटेना. असं तर विकतच्या बाटलीतलंही नसते." ती म्हणाली, "पहिल्या खेपेले माह्याच हात चुकला असन. तुमाले उगाच घोर लावला. माफ करा मले."

तिच्या पुढ्यात दोन गोष्टी होत्या: तिचा हात, आणि माझा शब्द. तिनं स्वतःचा हात खोटा धरला. तिच्या सरांनीही तिला खूप सुनावलं म्हणे. तिच्या कणांची पकडच भरवशाची नाही म्हणून ते काम बाजूला ठेवायला लावलं. तेही मला तिनंच सांगितलं, हसत हसत.

पौषात चार बायांचे डोळे पिवळे झाले. त्यांतली एक चंदा. तेव्हा तिला सहावा महिना संपत आला होता.

आमच्याकडं कावीळ झाली की आधी माळ घालतात, ठाऊक आहे ना? झाडाच्या मुळ्यांची माळ गळ्यात घालायची. ती जशी लांब होत खाली उतरते तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ देणाऱ्याकडं जायला रिक्षा कुणी बोलावली? मी. चंदाला धरून कोण घेऊन गेलं? मीच. दवाखान्याचं नाव मी काढलं नाही. डॉक्टर पहिल्यांदा विचारतो, पाणी कुठलं पिता. माळवाला विचारत नाही. हे मला त्या दिवशी पक्कं माहीत होतं, आणि मी तिच्या शेजारी रिक्षात बसून तिचं डोकं खांद्यावर घेतलं होतं.

आठ दिवस माळ उतरत राहिली. नवव्या दिवशी चंदा बोलेनाशी झाली. मग बुलडाण्याला नेलं. चंदा वाचली. पोर नाही वाचलं. मुलगी होती.

नसरीनला बातमी कळली तशी तिनं लगेच विचारलं, "कुठलं पाणी पीत होत्या, मावशी?" मी म्हटलं, "बाया दहा वावरांत जातात, पोरी. कुठलं म्हणून सांगू?" बघ, एकाला झाकायला दुसरं कसं तयारच असतं.

पुढचे दोन महिने मी चंदाला घरून जेवण पाठवलं. दूध पाठवलं. गावात म्हणायला लागले, काकूसारखी बाई नाही. चंदा उठून बसायला लागली तेव्हा माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत. घ्यावे असं वाटलं; घेतले नाहीत. मागं घेतले असते तर तिनं विचारलं असतं.

उन्हाळ्यात तो खड्डा बुजवला, धुऱ्याकडं नवा खणला. विहीर तळापर्यंत उपसली, जंतू मारायची पावडर टाकली, दोनदा. लोकांना सांगितलं गाळ काढतेय. आता दर वर्षी पाणी तपासून घेते, सरकारी दवाखान्यात देऊन, आपल्या हातानं, जसं आहे तसं. पाणी आता चांगलं आहे. हे मी सबब म्हणून सांगत नाही. फक्त तुला तहान लागली तर घोटभर पिताना भीती वाटू नये म्हणून सांगते.

मग आज का बोलतेय? गेल्या महिन्यात नसरीनचा फोन आला. आता ती कॉलेजात शिकवते, आणि कणांचं ते काम पुन्हा हाती घेतलंय. मोठ्या उत्साहात सांगत होती. म्हणाली, "मावशी, मी पोरांले पहिल्याच दिवशी तुमच्या विहिरीची गोष्ट सांगतो. नाव नाही घेत हो तुमचं. सांगतो, की मी एकदा माह्या गबाळ्या हातानं चांगलं पाणी खराब ठरवत होतो. म्हणून आधी स्वतःच्या हातावर शक घ्या." आणि हसली.

माझा हात कणकेत होता. मी "हो हो" म्हटलं. फोन ठेवला. आणि मग मला तिंबता येईना.

वर्गभर पोरं. दर वर्षी नवी. आणि त्यांच्यापुढं उभं राहून ती माझं खोटं स्वतःच्या नावावर शिकवतेय.

रागावू नकोस गं. तुला जवळ बसवलं, आणि आता मी तुझ्या खांद्यावरून पलीकडं बघून बोलणार आहे. मला वाटलं होतं तुला सांगितलं की झालं. पण जिला सांगायचं ती दुसरी आहे.

नसरीन, तुझा हात चुकला नव्हता. पहिला ठिपका खरा होता. तुझी पूड खरी, तुझं चुंबक खरं, झाकणाच्या आत बोट न लावणारी तू खरी. खोटी मी होते. पोरांना गोष्ट सांगायची असेल तर आता अशी सांग, आणि नाव घे माझं. घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही.

हा कागद तुला पाठवायच्या आधी मी तो घेऊन चंदाकडं जाणार आहे. तिला वाचता येत नाही. मीच वाचीन, माझ्या तोंडानं, एकही ओळ न गाळता, माठाची नाही आणि रिक्षातलीही नाही. ती वेणी घालत असेल, नाही तर तांदूळ निवडत असेल. पहिल्या ओळींना हसेल ती, मला माहीत आहे. पुढं काय करील ते माहीत नाही. जे करील ते करू दे. तिला आधी कळायला हवं होतं, तुझ्याही आधी, सगळ्यांच्या आधी.

मग तू ये, नसरीन. सुट्टी निघेल तशी ये, पण लवकर ये. चंदा काय म्हणाली ते मी फोनवर सांगायची नाही.